सालाझारच्या आधीचा कोस्टा

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी वाद पेटला तो पोर्तुगालवरून. मास्तर म्हणाले, "सालाझार हुकूमशहा होता, मान्य. पण तिजोरी त्यानंच सावरली."

म्हापशाच्या कोर्टात वकिली करणारा आमचा मित्र उसळलाच. "आणि अफोन्सो कोस्टा? तोही सालाझारसारखा कोइंब्रा विद्यापीठाचाच प्राध्यापक, पेशानं वकील. 1913 मध्ये पंतप्रधान झाला, अर्थखातं स्वतःकडे ठेवलं आणि कायम तुटीतला जमाखर्च शिलकीत आणला. तोही संसद चालू ठेवून!"

"कसा काय?"

"अर्थसंकल्पाच्या चर्चेत खर्च वाढवणारी किंवा उत्पन्न घटवणारी सूचना खासदारांनी मांडायचीच नाही, असा कायदा केला."

"म्हणजे मुस्कटदाबीच की!"

इथे मी मास्तरांना अडवलं. सभागृहानं स्वतःवर घातलेलं बंधन आणि सभागृहालाच कुलूप, यांत फार अंतर आहे. हे मी कुठेही सांगेन.

मग बँकेतला मित्र बोलला, आणि त्याचा मुद्दा खरा जड होता. "त्याच वर्षीचा मतदानाचा कायदा विसरलात? 1911 मध्ये निरक्षर असला तरी कुटुंबप्रमुखाला मत होतं. त्याच तरतुदीवर बोट ठेवून कारोलिना बेआत्रिस आंजेलो या विधवा डॉक्टरनं मत टाकलं. कोस्टाच्या कायद्यानं फक्त साक्षर पुरुष ठेवले. ज्या देशात शंभरातले सत्तरहून जास्त निरक्षर, तिथं!"

वकील म्हणाला, "खेड्यातली मतं पाद्री आणि जमीनदार फिरवतील, ही भीती होती. बाईला तर त्यानंच न्याय दिला. 3 नोव्हेंबर 1910 चा घटस्फोटाचा कायदा, तो न्यायमंत्री असतानाचा. नवरा-बायकोला सारखाच हक्क. गोव्यात अजून आम्ही तोच चालवतो."

"नवरा सोडता येतो, मत देता येत नाही. हा कसला न्याय?"

वकिलाकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. कोस्टाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण राजेशाही हटवून ज्यांच्या नावानं प्रजासत्ताक आणलं त्यांनाच मतपेटीपासून लांब ठेवणं ही त्याची सगळ्यात मोठी चूक. डिसेंबर 1917 मध्ये, कोस्टा पुन्हा पंतप्रधान असताना, सिदोनियो पाइश या लष्करी अधिकाऱ्यानं बंड करून सरकार उलथवलं, कोस्टाला अटक झाली. त्याला वाचवायला देश उठला नाही.

"आणि ती शिल्लक?" मास्तरांनी विचारलं.

"1916 मध्ये जर्मनीशी युद्ध जुंपलं, त्यात गेली," वकील म्हणाला. "कोस्टा 1937 मध्ये पॅरिसला वारला, परागंदाच. लिस्बनमध्ये तेव्हा तुमचा सालाझार होता, मास्तर."

"माझा कशाला रे?" मास्तर चिडले, आणि वाद पुन्हा सुरू झाला.