ट्रस्कॉटच्या नावाचा चषक

14 सप्टेंबर 2025 ला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला, तेव्हा आमच्या पुण्याच्या भावंडांच्या ग्रुपवर दोन दिवस वाद पेटला होता. पहलगामनंतर यांच्याशी खेळायचंच कशाला? हस्तांदोलन टाळलं ते बरं केलं की नाही? मेलबर्नमध्ये बसून मी सगळं वाचत होते. तो संताप माझाही आहे. पण सगळा हिशेब अकरा क्रिकेटपटूंकडे मागायचा, हे मला पटत नाही.

युद्ध चालू असताना खेळावं का, यावर इथेही कडाक्याची भांडणं झाली आहेत. 1916 साली इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (अंडाकृती चेंडूचा इथला खेळ) लीगमध्ये चारच क्लब उतरले होते. दुसऱ्या महायुद्धात तर एमसीजीचं मैदानच लष्कराकडे गेलं.

त्याच काळातला मेलबर्न फुटबॉल क्लबचा कीथ ट्रस्कॉट. केस लाल, म्हणून सगळे त्याला ‘ब्लूई’ म्हणत; लाल केसवाल्याला इथे गमतीने हेच नाव पडतं. 1939 आणि 1940 च्या विजेत्या संघांत तो होता. 1940 ची अंतिम लढत तर हवाई दलाच्या प्रशिक्षणातून रजा काढून खेळला. मग इंग्लंडला जाऊन स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवलं. मायदेशी परतल्यावर मे 1942 मध्ये तो क्लबसाठी पुन्हा एकदा मैदानात उतरला. एकच सामना. त्यानंतर न्यू गिनीत मिल्न बेची लढाई, आणि 28 मार्च 1943 ला सरावाच्या उड्डाणात त्याचं विमान एक्समाउथच्या आखातात कोसळलं. वय 26.

क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला आजही ट्रस्कॉटच्या नावाचा चषक मिळतो. त्याच्याबरोबर 1940 चं विजेतेपद जिंकलेला रॉन बॅरासी 1941 मध्ये लिबियातल्या तोब्रुकला युद्धात मारला गेला. त्याचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे तोच मुलगा वडिलांच्या 31 नंबरची जर्सी घालून याच क्लबकडून खेळला आणि या खेळातली दंतकथा झाला. खेळाडूच्या मुलाला बापाच्या क्लबकडून खेळता यावं, या नियमाची गोष्ट इथे त्याच्यापासूनच सांगतात.

हे ऐकलं की मला सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवतात. सैन्यातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात सियालकोटला गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. बॉक्सिंग संपलं, तर ते पोहायला लागले. 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये, जर्मनीतल्या हायडलबर्गला, 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. सेहेचाळीस वर्षांनी! अर्जुन पुरस्कार तर 2025 च्या जानेवारीत.

ग्रुपवर त्या दोन दिवसांत सैनिकांचं नाव कितीतरी वेळा निघालं, पेटकरांचं एकदाही नाही. शेवटी मीच लिहिलं, की राज्य स्पर्धेतल्या 50 मीटर फ्रीस्टाइलची ढाल पेटकरांच्या नावाची असावी, आणि ते आहेत तोवर त्यांच्याच हातून दिली जावी. धाकट्या भावाने विचारलं, “ताई, कोण गं हे पेटकर?” मग त्याला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.