भिंतीकडे बघत उभं राहण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री, दुकान बंद करून घरी आल्यावर वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर ते चारचौघांत ठेवण्यासारखं झालं नसतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीची, म्हणजे जागा बदलत, घड्याळ लावून एकामागून एक टार्गेटं मारायच्या खेळाची सुरुवात सोलापुरात राहून कशी करावी, यावर मी लिहिलं होतं. पहिले सहा महिने एअर पिस्तूल, रोज वीस मिनिटं कोऱ्या भिंतीसमोर छर्रा न भरता चाप ओढायचा सराव, मग कागदी टार्गेट, आणि वेळ मोजणं त्याच्याही नंतर, असा तो सल्ला होता. त्यावर आपण लिहिलंत : "भिंतीकडे बघत उभं राहून कोणी नेमबाज होत नाही, काका. पहिल्या दिवसापासून टायमर लावायचा असतो. हौशी लोकांनी असले सल्ले देऊन पोरांची वर्षं वाया घालवू नयेत." पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. चापाच्या वजनाचा, म्हणजे चाप ओढायला किती जोर लागावा याचा नियम मी चुकीचा दिला. खर्चाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि आपल्याकडे ९ एमएमचं पिस्तूल सामान्य माणसाला मिळतच नाही, तेव्हा एअर पिस्तुलाला प्रॅक्टिकलची सुरुवात म्हणणं ही फसवणूक आहे.

चूक आधी मान्य करतो. चापाचं वजन "५०० ग्रॅमच्या आत" असावं असं मी लिहून गेलो. खरा नियम उलटा आहे : १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा, त्याहून हलका निघाला तर तपासणीतच अडतो. आपलं बरोबर, माझं चुकलं. आभार.

आता "काका". मी सत्तावन्न वर्षांचा आहे. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मला काकाच म्हणतात आणि मला ते आवडतं. पण दारातून मारलेली काका ही हाक वेगळी आणि वाक्याच्या शेवटी चिकटवलेलं काका वेगळं. त्या दुसऱ्यात "तुमचं झालं आता, बाजूला सरा" एवढं सगळं भरलेलं असतं. समोर बसून चहा पिताना आपण हे असं बोलला असता का? मला नाही वाटत. मी माझं नाव लावून लिहितो. आपण नावसुद्धा दिलेलं नाही.

आणि हौशी. होय, मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. नेमबाजीतून मी एक रुपया मिळवलेला नाही, उलट छर्रे, टार्गेटं आणि पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरण्याचा खर्च बरेचदा मीच उचलतो. रविवारी सकाळी दुकान न उघडता पत्र्याच्या हॉलमध्ये पोरांसोबत उभा असतो. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. याला हौशी म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण शिवी दिल्यासारखं म्हणू नका.

भिंतीचं आता सविस्तर बोलतो, कारण आपलं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून चार दिवस गेलेलं नाही.

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लागायचे. वडील गिरणीत कामाला, संक्रांतीच्या सुट्टीत मला घेऊन जायचे. दहा छर्ऱ्यांत मी आठ-नऊ फुगे फोडायचो आणि माझा समज झाला की देवाने मला नेम देऊनच पाठवलंय. मग कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल हातात आली. पडून मारायचं, पाच गोळ्या. माझ्या पाच गोळ्या टार्गेटवर पाच गावांना गेल्या होत्या. उस्तादांनी ओरडा केला नाही. त्यांनी रायफल रिकामी केली, नळीवर माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या) मागे एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, नाणं न पाडता चाप ओढ. तासभर मी तेच केलं. समोर टार्गेट नव्हतं, मातीचा बांध होता. तासाभराने मारलेल्या पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जात होत्या. त्या तासात माझी नजर सुधारली नव्हती. फक्त बोट शिकलं होतं.

आता हे का होतं त्याचा हिशेब मांडतो, म्हणजे हे "अनुभवाचे बोल" म्हणून बाजूला टाकता येणार नाही. एअर पिस्तुलावर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं. टार्गेट १० मीटरवर. चाप झटक्याने ओढल्यामुळे माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा टार्गेटवर ३१ मिलिमीटर बाजूला जातो. मधलं, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे नखाएवढीही नसलेली ती चूक दहावरून थेट सातावर नेते. याउलट माशी-खाच नीट जुळलेली असेल आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच हलतो आणि दहाच लागतो. नवशिक्या नेमका उलटं करतो. हात हलतोय म्हणून घाबरतो, काळा ठिपका मधोमध आला रे आला की चाप हिसकतो, आणि जी गोष्ट खरी घात करते तीच करून बसतो.

कोऱ्या भिंतीवर ठिपका नसतो. घाबरवणारं काही उरत नाही, पकडायला काही उरत नाही. डोळ्याला बघायला फक्त माशी राहते, आणि चाप सुटताना ती हलली की नाही हे लख्ख दिसतं. छर्रा सुटला की आवाज, धक्का आणि "किती लागला" ही उत्सुकता यांत ते दिसत नाही. म्हणून भिंत. अहो, हा मी सोलापुरात बसून काढलेला शोध नाही. प्रॅक्टिकलमधले मोठमोठे खेळाडू आजही घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा हाच सराव करतात. ते टायमर लावून करतात, हे आपण सांगणार, मला ठाऊक आहे. पण त्यांचं बोट आधीच शिकलेलं असतं. ज्याला शिरसासन येतं त्याचं बघून पहिल्या दिवशी पोराला उलटं टांगायचं का?

(मूळ लेखात राहिलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण यात पिस्तूल खराब होतं. स्प्रिंगच्या एअर पिस्तुलावर ड्राय फायर करू नका. छर्रा नसला की पिस्टन समोर जाऊन आपटतो आणि सील जातं. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलात बहुतेक वेळा ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा. छर्ऱ्याची डबी त्या खोलीत ठेवायची नाही, नळी उघडून डोळ्यांनी बघायची, आणि भिंत विटांची हवी, पलीकडे खोली असलेलं दार नको.)

राहिला वेग. प्रॅक्टिकल म्हणजे वेग, असं आपण तीनदा लिहिलंय. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबियात स्थापन झाली. तिचं लॅटिन बोधवाक्य तीन शब्दांचं आहे : अचूकपणा, ताकद, वेग. वेग तिसरा. आणि गुणांचा हिशेब बघा. एकूण गुण भागिले सेकंद, यालाच हिट फॅक्टर म्हणतात. मायनर (कमी ताकदीची गोळी) धरला तर टार्गेटच्या मधल्या ए भागाला ५, त्याबाहेरच्या सीला ३, डीला १, आणि गोळी हुकली तर उणे १०. बारा गोळ्यांच्या स्टेजवर (एका फेरीत) एकाने सगळ्या एमध्ये मारल्या आणि १० सेकंद घेतले : ६० भागिले १०, म्हणजे ६. दुसऱ्याने ८ सेकंदांत उरकलं, पण आठ ए, दोन सी, एक डी आणि एक हुकली : ३७ भागिले ८, म्हणजे ४.६. दोन सेकंद वाचवून तो मागे पडला. वेगाला किंमत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. लेखात "त्यानंतर" हा शब्द आहे, तो आपण वाचला नाहीत.

आपल्या भागातलंच उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरच्या राही सरनोबतचं घ्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात ६० गोळ्या असतात. शेवटच्या ३० रॅपिडच्या : टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद बंद, आणि त्या ३ सेकंदांत हात खालून वर आणून एकच गोळी मारायची. आणि पहिल्या ३०? प्रिसिजनच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. ज्या खेळात वेळ अशी गळ्यावर बसते तिथेसुद्धा आधी शांत हात तपासतात.

आता जे सांगतो ते लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं. आपण "पोरांची वर्षं वाया" असं लिहिलंत म्हणून लिहावं लागतंय.

काही वर्षांपूर्वी मीही आपल्यासारखंच म्हणत होतो. पोरं कंटाळतात, गळतात, थोडी मजा हवी. म्हणून हॉलमध्ये तीन टेबलं मांडली, तीन टार्गेटं लावली. पहिल्या टेबलावर छर्रा भरायचा, मारायचा, पिस्तूल उघडं करून दुसऱ्याकडे जायचं, तिथे पुन्हा भरायचा. टायमर माझ्या हातात. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा, शिकायला लागून महिनासुद्धा झाला नव्हता, सेकंद वाचवायला म्हणून पहिल्याच टेबलावर दुसरा छर्रा भरून पळाला. बोट चापावर. दुसऱ्या टेबलाच्या अलीकडे पाय अडखळला आणि छर्रा फरशीवर सुटला. फरशीवरून उसळून तो मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या चष्म्यावर बसला. काच तडकली. तो चष्मा त्याचा रोजचा नंबरचा होता. संरक्षक चष्मे आणायचे आणायचे म्हणून माझ्याकडून राहून गेले होते. त्या दिवशी त्याने चष्मा पुसायला काढला असता तर?

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला पाणी दिलं आणि काहीच बोलली नाही. तो मुलगा परत आला नाही, आणि मी त्याला "ये" म्हणूही शकलो नाही. खऱ्या प्रॅक्टिकल मॅचमध्ये चालताना बोट चापाच्या कड्याच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं नसलं, नळी ठरलेल्या कोनाबाहेर फिरली, किंवा नको तेव्हा गोळी सुटली, तर स्पर्धकाला तिथल्या तिथे घरी पाठवतात. हे नियम मला तेव्हा पाठ होते. पोराच्या बोटाला पाठ नव्हते, आणि टायमरची शिट्टी वाजली की डोक्यातलं काही उपयोगी पडत नाही, बोटातलं तेवढं पडतं. सहा महिने हा आकडा तिथून आलाय. आता बाबा रे, तू मला सांग, हे हौशी माणसाचं ज्ञान आहे का?

एकेरीवर आलो. तसंच राहू देतो, कारण आतून तसंच आलं.

कायद्याचा मुद्दा लांबवत नाही. ९ एमएम प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या शस्त्रांत येतं हे शस्त्र परवान्याच्या खिडकीशी एकदा उभा राहिलेला कोणीही सांगेल, आणि ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही हेही. म्हणून तर सोलापूरच्या पोराने तिथून सुरुवात करायची. "फसवणूक" हा शब्द मात्र परत घ्या. मी कोणाला पिस्तूल विकत नाही. खर्चावर सवडीने वेगळं लिहीन. तोवर एवढंच की सुरुवातीला विकत घेऊ नका, जिथे शिकताय तिथलं वापरा, आणि पहिला पैसा संरक्षक चष्म्यावर घाला.

चापाच्या वजनाची दुरुस्ती लेखात केली आहे, ड्राय फायरच्या भागात स्प्रिंगच्या पिस्तुलाची सूचनाही घातली आहे. सहा महिने तसेच ठेवले आहेत.