फोन अनलॉक्ड आहे म्हणून अमेरिकेत चालेलच, असं नाही

जून-जुलै आला की अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. दर वर्षी त्यात एखादं वाक्य वाढतं, पण मजकूर साधारण असा: "भारतातले सगळे फोन अनलॉक्ड असतात, त्यामुळे तिकडे कुठलंही सिम टाका, चालतं. ४जी-५जी सगळीकडे सारखंच. सिम टाकून नेट सुरू झालं की काम झालं. दुकानदार 'हा फोन आमच्या नेटवर्कवर चालणार नाही' म्हणाला, तर तो नवीन फोन गळ्यात मारतोय असं समजा. आणि वेळ आलीच तर आणीबाणीचं ९११ कुठल्याही फोनवरून लागतं."

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण नवख्या शहरात पोचलेल्या पोराचा फोन लागत नाही आणि इकडे घरच्यांच्या जिवाला घोर लागतो, ते अशाच अर्धवट माहितीमुळे. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलू.

"भारतातले फोन अनलॉक्ड असतात." बरोबर. आपल्याकडे दुकानातून घेतलेला फोन बहुतेक कुठल्याही कंपनीचं सिम घेतो. अमेरिकेत कंपन्या हप्त्यांवर फोन देतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो फोन सहसा दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाही. ते बंधन काढलं की फोन अनलॉक्ड झाला. ग्राहकाला ते काढून घेता यावं यासाठी तिथे २०१४ साली कायदाही झाला. पण या शब्दातून कळतं ते एवढंच, की फोन सिमला नाही म्हणणार नाही. नेटवर्क त्या फोनला नाही म्हणणार नाही, याची हमी त्यात कुठेच नाही. मेसेज इथेच घसरतो. तिकडे गेल्यावर कुणाकडून जुना 'अनलॉक्ड' फोन घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: आधीच्या मालकाने चोरीला गेला म्हणून कळवलेला किंवा हप्ते थकलेला फोन कंपन्यांच्या काळ्या यादीत असू शकतो. असा फोन अनलॉक्ड असूनही बिनकामाचा.

"४जी-५जी सगळीकडे सारखंच." तंत्र सारखं, लहरी वेगळ्या. या लहरींच्या ठरावीक पट्ट्यांना बँड म्हणतात. भारतात ४जी मुख्यतः बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं. अमेरिकेत बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ यांच्यावर मोठी भिस्त आहे. ५ आणि ४१ तिथेही आहेत, म्हणून शहराच्या मध्यवस्तीत, उघड्यावर, भारतातल्या फोनला काही ना काही सिग्नल मिळतोच आणि माणूस निर्धास्त होतो. खरी गरज लागते ती कमी वारंवारतेच्या बँडची. तिथल्या मोबाइल कंपन्यांपैकी टी-मोबाइलचा बँड ७१ म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ, व्हेरायझनचा १३ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. या लहरी लांब जातात आणि भिंतींतून आत शिरतात. आपली मुलं पहिल्या वर्षी बहुतेक कुठे राहतात? स्वस्त भाड्याच्या बेसमेंटमध्ये, नाहीतर गावाबाहेरच्या कॅम्पसजवळ. म्हणजे नेमकं तिथेच, जिथे हे बँड नसलेला फोन मान टाकतो. एकाच नावाचा फोन भारतात एका बँडसंचाचा आणि अमेरिकेत दुसऱ्या, असं सर्रास असतं. तेव्हा फोनचं नाव बघून भागत नाही. खोक्यावरचा किंवा सेटिंगमधला पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नंबरापुढचे बँड बघा.

आता सगळ्यात फसवं वाक्य: "सिम टाकून नेट सुरू झालं की काम झालं."

यासाठी आपल्याच २०१६ ची आठवण काढा. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, लोकांनी रांगा लावून सिम घेतलं आणि कित्येकांच्या हातातल्या चांगल्या ४जी फोनवर नेट पळत होतं, पण साधा कॉल लागत नव्हता. कारण जिओकडे २जी-३जी नव्हतंच. आवाजसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीने जायचा, आणि फोनला ते येत नसेल तर जिओचं वेगळं ॲप टाकून बोलावं लागे. अमेरिकेत आज तीच स्थिती आहे. एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला ३जी बंद केलं, टी-मोबाइलने त्याच वर्षीच्या जुलैपासून आणि व्हेरायझनने ३१ डिसेंबर २०२२ ला. एटी अँड टी आणि व्हेरायझनकडे ४जीवर कॉल जमला नाही तर आधाराला जुनं नेटवर्क उरलेलंच नाही. व्होल्टी जुळलं तर आवाज, नाहीतर शुकशुकाट.

आणि व्होल्टी आपोआप जुळत नाही. नेट सुरू व्हायला फोनला फारसं काही माहीत असावं लागत नाही. कॉलसाठी मात्र फोनने कंपनीच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत स्वतःची वेगळी नोंदणी करायची असते, आणि ती त्या-त्या कंपनीच्या सेटिंगप्रमाणे. ही सेटिंग फोन बनवणारा सॉफ्टवेअरमध्ये घालून देतो. भारतात विकायच्या फोनमध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय यांची असतात. अमेरिकी कंपन्यांची असतीलच असं नाही. हार्डवेअर तेच, चिप तीच, तरी नोंदणी होत नाही. सॉफ्टवेअरमधली एक परवानगी किती अडवू शकते, हे मुंबईतल्या आयफोनवाल्यांनी अनुभवलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जीचं उद्घाटन झालं, त्याच महिन्यात मुंबईत ते सुरूही झालं, हातात ५जीचा आयफोन होता. पण डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत त्यावर ५जी दिसलं नाही.

म्हणून तिकडे पोचून सिम टाकल्यावर चाचणी नेटची नको, कॉलची हवी. व्हॉट्सॲप कॉलही नको, तो नेटवरच चालतो आणि सगळं आलबेल असल्याचा भास करून देतो. वाय-फाय आधी बंद करा, नाहीतर कॉल घरच्या वाय-फायवरून गेला की नेटवर्कवरून गेला, हे कळणार नाही. मग ओळखीच्या कुणाच्या साध्या नंबरावर फोन लावा, आणि त्यांच्याकडून आपल्याला लावून घ्या. येणारा कॉल वाजतो का, हे तपासायला लोक हटकून विसरतात आणि मग इंटरव्ह्यूचा फोन थेट व्हॉइसमेलला जातो. कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा: ४जी किंवा ५जीची खूण टिकली पाहिजे. बँकेचा ओटीपी येतो का तेही बघून घ्या. अमेरिकेत ग्रुपमधले फोटो अजून बऱ्याचदा एमएमएसने येतात. नेट चालू असून फोटो उतरत नसेल तर बहुधा एपीएनची, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी, सेटिंग चुकलेली असते, ती कंपनीच्या मदतपानावरून जशीच्या तशी भरायची.

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर याहून खोलात जाता येतं. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा, फोनची माहिती उघडा आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत आयएमएसची स्थिती बघा. 'रजिस्टर्ड' आणि त्याखाली व्होल्टीपुढे 'अव्हेलेबल' असेल तर फोन खरोखर जुळला. 'नॉट रजिस्टर्ड' असेल तर सिग्नलच्या पाचही काड्या भरलेल्या असू देत, कॉलचा भरवसा नाही. शाओमीच्या फोनांवर *#*#८६५८३#*#* ही एक युक्ती लोक सांगतात. कीपॅडवर व्होल्टीची इंग्रजी अक्षरं दाबली की हाच आकडा होतो. त्याने फोन स्वतःहून घातलेली अट सोडतो, काही वेळा उपयोगही होतो. पण नेटवर्कनेच दार लावलं असेल तर फोनच्या बाजूने केलेली खटपट तिथवर पोचत नाही.

"दुकानदार फोन गळ्यात मारतोय." या संशयात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. एटी अँड टीने ३जी बंद करताना चालणाऱ्या फोनांची यादी काढली आणि यादीबाहेरचे फोन अडवले. त्यात व्होल्टी उत्तम जमणारे फोनही गेले. चांगला फोन केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद व्हावा, याचा राग येणं रास्त आहे. मला स्वतःला ते धोरण अन्यायाचं वाटतं. पण राग रास्त म्हणून दुकानदार खोटं बोलतोय असं होत नाही. काउंटरवरचा माणूस तुमचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकतो आणि संगणक हो किंवा नाही सांगतो. ते उत्तर बदलणं त्याच्या हातात नसतं. *#०६# दाबल्यावर दिसणाऱ्या त्या १५ आकड्यांतले पहिले ८ फोनचं नेमकं मॉडेल सांगतात. भारतातल्या मॉडेलचे ८ आकडे अमेरिकेतल्या जुळ्या भावापेक्षा वेगळे असतात, म्हणून "माझ्या मित्राचा हाच फोन तिथे चालतो" हा पुरावा चालत नाही. टी-मोबाइल बाहेरून आणलेल्या फोनांच्या बाबतीत तुलनेने सैल आहे. मिंटसारख्या स्वस्त कंपन्या तिच्याच नेटवर्कवर चालतात. क्रिकेट नावाची कंपनी एटी अँड टीच्या, व्हिजिबल व्हेरायझनच्या. ज्या नेटवर्कने फोन नाकारला, त्याच नेटवर्कवरची स्वस्त कंपनी शोधून बहुतेक वेळा पदरात काही पडत नाही.

आयएमईआय तपासणी घरबसल्या होते, कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ती सोय आहे. विमानाचं तिकीट काढल्यावर लगेच करा. दोन सिमांच्या फोनला दोन आयएमईआय असतात. अमेरिकेचं सिम ज्या खाचेत जाणार तिचाच नंबर टाका. तिथे 'हो' आलं तरी वर सांगितलेली कॉलची चाचणी चुकत नाही, कारण संकेतस्थळ 'हो' म्हणालेले फोनही कधी कधी आयएमएसवर अडतात.

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त खटकतं: "९११ कुठल्याही फोनवरून लागतं." अमेरिकेत कंपन्यांवर बंधन आहे, की सिम चालू नसलेल्या फोनवरूनही आलेला ९११ चा कॉल पुढे पोचवायचा. पण कॉल पोचवायला तो आधी फोनमधून बाहेर पडावा लागतो. जो फोन त्या नेटवर्कशी आवाजाने जुळतच नाही, त्याच्यासाठी हा नियम कागदावरच राहतो. शिवाय चालू सिम नसलेल्या फोनवर ९११ वाल्यांना उलट फोन करता येत नाही. मध्येच कॉल तुटला तर तुटलाच.

ऑस्ट्रेलियात हे आणखी उघडं पडलं. टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं, तेव्हा असे फोन निघाले जे रोजचे कॉल ४जीवरून व्यवस्थित लावत, पण आणीबाणीचा ००० लावला की सवयीने ३जी शोधायला जात. ३जी तर उरलंच नव्हतं. म्हणजे रोज तासभर गप्पा मारता येणारा फोन नेमका रुग्णवाहिका बोलवायच्या वेळी मुका. तिथल्या सरकारने मग नियमच केला, की ४जीवरून ००० लावू न शकणारे फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत. परदेशातून आणलेल्या फोनांना त्याचा चांगलाच फटका बसला. मेलबर्न-सिडनीला मुलांकडे निघालेल्या आजीआजोबांच्या जुन्या फोनांना हे तंतोतंत लागू आहे.

चाचणी म्हणून ९११ किंवा ००० कधीही लावू नका. पलीकडचा माणूस खऱ्या संकटातल्या कुणासाठी तरी बसलेला असतो. फोन कंपनीच्या यादीत आहे, वाय-फाय बंद करून साधा कॉल जातो-येतो आणि आयएमएसची नोंद दिसते, एवढी खात्री ते नंबर न लावताही होते. यातलं काही कच्चं निघालं तर निदान पहिले काही महिने तिथलाच एखादा साधा, स्वस्त फोन घेऊन द्या आणि इकडचा फोन भारताच्या सिमसाठी, ओटीपीसाठी ठेवा.

जाता जाता उलट बाजूचंही, कारण दिवाळीत तिकडून फोन मागवणारे पुष्कळ. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, तेव्हा फोन वाया जाणार नाही. पण गावी गेल्यावर वडिलांचं सिम काढून त्यात घालता येणार नाही, आणि फोन बिघडला तर दुसऱ्या फोनवर नंबर हलवायला कंपनीच्या मागे लागावं लागेल. मागवण्याआधी हप्ते फिटलेत का, हे पाठवणाऱ्याला स्पष्ट विचारा. हप्ते बाकी असलेला फोन इथे आल्यावर बहुधा आपलं सिम घेणार नाही, आणि ते कुलूप इथल्या दुकानात उघडत नाही. ज्या कंपनीने घातलं तिच्याच हातात ते असतं.