भाकरवडीवरचा काळा शिक्का

‘आता काय जिलेबीवर कवटीचं चित्र छापणार का?’ दादाचा हा प्रश्न आमच्या घरच्या ग्रुपवर अजून दर पंधरा दिवसांनी उगवतो. निमित्त जुनं आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं कार्यालयांना सुचवलं की, खाण्यातून तेल आणि साखर किती पोटात जाते याचे फलक कँटीनमध्ये लावा. त्यात नागपूरच्या एम्सचं नाव आलं आणि बातमी झाली, ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’. ठेलेवाल्यांच्या पदार्थांवर लेबल लावायला सांगितलेलंच नाही, असा खुलासा सरकारनं लगेच केला. पण तोवर आपल्या संस्कृतीवर हल्ला होऊन गेला होता.

समोशाची बाजू घेणाऱ्यांवर माझा राग नाही. मी चिंचवडात वडापाववर वाढलेला माणूस आहे. चीड येते ती याची, की एवढ्या आरडाओरड्यात पुड्यांचं नावही कुणी काढलं नाही. कढईपुढे घाम पुसत उभा असलेला माणूस भांडायला सोपा आणि वाचवायलाही सोपा. दहा रुपयांच्या पुड्यामागचा माणूस दिसतच नाही, त्यामुळे तो सुटला.

इथे मेक्सिको सिटीत ऑक्टोबर २०२० पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आहेत. साखर जास्त, मीठ जास्त, उष्मांक जास्त. वाचता न येणाऱ्यालाही शिक्के मोजता येतात. शिक्का पडला की पोरांना भुलवणारं चित्र छापायचं नाही. साखर लावलेल्या कॉर्नफ्लेक्सवरचा तोन्यो वाघ गेला, तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं ऑक्सोत, म्हणजे इथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात, सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘बाबा, वाघ मेला?’ मार्च २०२५ पासून असले पदार्थ शाळेत विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२२ मध्ये पाकिटांवर छापायला काय सुचलं, तर तारे! अर्ध्यापासून पाचपर्यंत. म्हणजे चिप्सच्या पुड्यालाही अर्धा का होईना, तारा मिळणारच. नापास मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस.

सप्टेंबर २०२५ मध्ये फरसाण-भुजियावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, बिस्किटं-चॉकलेटांवरचा १८ वरून ५ वर. दादानं ग्रुपवर फटाके उडवले. मी लिहिलं, ‘आमच्याकडे शंभर ग्रॅमला २७५ कॅलरी भरल्या की २०१४ पासून आठ टक्के जादा कर लागतो, आणि तुमच्याकडे सूट!’ शीतपेयांवर भारतात ४० टक्के कर आहे आणि इथे २०२६ पासून वाढवूनही लिटरला तीन पेसोंच्या आसपासच, हे वहिनीनं ताबडतोब दाखवून दिलं. वहिनीशी आकड्यांवर वाद घालू नये. दादानं मात्र एकच शब्द उचलून परत पाठवला: ‘तुमच्याकडे?’

त्यावर मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘एवढे शिक्के आहेत, तर तिकडची माणसं सडपातळ असतील ना रे?’ नाहीत. चारातली तीन मोठी माणसं जादा वजनाची आहेत. मेट्रोच्या तोंडाशी सकाळी सहापासून गुआहोलोता विकणाऱ्या बाईंच्या टोपलीवर शिक्का नाही. पावात तामाल, म्हणजे पिठात पीठ, वडापावचा सख्खा मावसभाऊच. मी विषय बदलला.

पण दादा, मला म्हणायचं होतं ते वेगळंच. त्या बाईंचा एक गुआहोलोता खाल्ला की दुपारपर्यंत दुसरा नको वाटतो. समोसे दोन, फार तर अडीच. लिंबू-मिरचीच्या चिप्सचा मोठा पुडा मात्र मी रात्री लॅपटॉपसमोर संपवतो, तळाचा चुरा बोटाला चिकटवून चाटतो आणि भूक कधी होती ते आठवत नाही. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. पुढ्यात साखर, मीठ, चरबी दोन्ही वेळा सारखंच ठेवलं होतं, हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. हे मला पाठ आहे. त्या पुड्यावरचे तीन शिक्केही पाठ आहेत. तरी पुडा संपतोच. शिक्का पुड्याला आवरतो, मला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात इथल्या भारतीय दुकानात भाकरवडी मिळाली. आमच्या नार्वार्ते भागातून मेट्रो बदलून जावं लागतं, तरी गेलो. पाकिटावर मराठी अक्षरं, आणि त्यांच्यावरच आयातदारानं चिकटवलेले दोन काळे अष्टकोन. अख्खा ऑक्सो शिक्क्यांनी भरलेला असतो, मला कधी काही वाटलं नाही. इथे कानशिलं तापली. हे यांना काय कळतंय, खसखस आणि चिंचेची चव यांना माहीत तरी आहे का, असं मनात येऊन गेलं. अगदी दादाच्या आवाजात.

घरी येऊन नखानं स्टिकर खरवडले. एक निघाला, दुसऱ्याचा अर्धा तुकडा निघेना. त्यावर अंगठा ठेवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

दादाचं उत्तर मिनिटात आलं: ‘वा! आपली भाकरवडी!’ तोवर माझं अर्धं पाकीट संपलं होतं.