त्या झग्यांनी जीवही घेतले
बॅले नाचाच्या पोशाखांवरचा तुमचा लेख आवडला, नर्तकी मारी टॅग्लिओनीचा १८३२ सालचा 'ला सिल्फीद' या बॅलेमधला पांढरा तलम झगा आणि मग युरोपभर आलेली घेरदार स्कर्टची लाट, मस्त लिहिलंय. पण त्या कपड्यांपायी नाचणाऱ्या मुली जळून मेल्या त्याबद्दल एक ओळही नाही, याचं खरंच वाईट वाटलं. स्टेजवर उघड्या ज्योतीचे दिवे आणि अंगावर गॉझचे, म्हणजे विरळ तलम कापडाचे, थरावर थर, घेर जरा दिव्याला लागला की संपलंच! लंडनच्या ड्रूरी लेन थिएटरात १८४४ मध्ये क्लारा वेबस्टर भर प्रयोगात पेटली, तीन दिवसांत गेली. पॅरिसची एमा लिव्री १८६२ मध्ये तालमीत भाजली, जेमतेम वीस वर्षांची पोर, आठ महिने यातना भोगून गेली. बरं, कापड रसायनात बुडवून लवकर पेटणार नाही असं करायची सोय तेव्हा होती, पण त्याने झगा कडक आणि मळकट दिसतो म्हणून तिने नको म्हटलं. तिला कशाला दोष द्यायचा, लोकांना हवेत तरंगणारी परीच बघायची होती ना, आणि पोटापाण्याचं सगळं त्या दिसण्यावरच अवलंबून. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवलेत, पुढच्या भागात त्यावर सविस्तर लिहा प्लीज.