अजिंठ्याचं केंद्र कोविडने बंद पाडलं नाही

एक मजकूर गेले काही दिवस सारखा फॉरवर्ड होऊन येतोय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा आला, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दोनदा. त्याचा सारांश असा: कोविडमध्ये पर्यटक नव्हते आणि दवाखान्यांना पैसा हवा होता, त्यामुळे अजिंठा-वेरूळसारख्या ठिकाणच्या व्हिजिटर सेंटरचा (पर्यटकांच्या माहिती केंद्राचा) निधी कापला ते योग्यच झालं. ती केंद्रं कोविडमुळेच बंद पडली. तशीही त्यांची गरज उरलेली नाही, कारण सगळी माहिती मोबाईलवर मिळते. आणि खरंच गरज असेल, तर कोणी खासगीवाला चालवेल.

माझ्या ओळखीतल्या चांगल्या, विचारी माणसांनीही यावर अंगठे दिले. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कोविडचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. देशभरातली केंद्र-संरक्षित स्मारकं १७ मार्च २०२० पासून बंद झाली. अजिंठ्याचं व्हिजिटर सेंटर त्याच्या आधीच बंद होतं. वीज आणि पाण्याची बिलं थकली होती, आणि भरपूर पाणी आणि अखंड वीज लागणारी इमारत उधारीवर चालत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेलं केंद्र सात वर्षंही धड चाललं नाही, आणि ती सगळी वर्षं कोविडच्या अगोदरची आहेत. महासाथीने ते बंद पाडलं असं म्हणताना आपण कोणाची तरी जबाबदारी विषाणूच्या खात्यावर टाकतोय. मला या मजकुरातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं.

शिवाय ही इमारत फुकट आलेली नव्हती. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाला जपानने कर्ज दिलं होतं. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचा करार २००३ चा, आणि ही केंद्रं त्यातून उभी राहिली. केंद्राला कुलूप लावलं म्हणून कर्जाची परतफेड थांबत नाही.

आता दवाखान्यांचा मुद्दा. हा मनाला लागणारा आहे आणि मी तो झटकणार नाही. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला: त्या वर्षाच्या तरतुदीपैकी फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवीन कामं सुरू करायची नाहीत, नोकरभरती बंद. आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या विभागांना प्राधान्य. तो निर्णय त्या दिवसांत बरोबरच होता. उत्पन्न आटलेलं आणि दवाखान्यांत खाटा कमी पडत असलेलं राज्य दुसरं काय करणार? दिल्लीतही तेच झालं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाला २०२०-२१ साठी २,५०० कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात १,२६० कोटींवर आली, आणि पुढच्या वर्षी मूळ तरतूदच सुमारे २,०२७ कोटी ठेवली गेली.

पण कात्री कशावर चालवायची, इथे गफलत होते. नवा चौक, नवं उद्यान, नवी कमान हे दोन वर्षं थांबलं तर काही बिघडत नाही. उभ्या असलेल्या इमारतीची देखभाल थांबली की बिघडतं. आपल्या घराचं उदाहरण घ्या. पगार अर्धा झाला तर नवा सोफा घेणार नाही, पण पावसाळ्याआधी गळकं छप्पर शाकारायचं सोडतो का? बंद इमारतीत पाणी झिरपतं, वायरिंग उंदीर कुरतडतात, पडदे-प्रोजेक्टर दमटपणाने जातात. मग पुन्हा उघडायचं म्हटलं की जो आकडा समोर येतो, तो कापलेल्या पैशापेक्षा मोठा असतो, आणि त्या आकड्याकडे बघूनच फाईल परत खाली जाते. एका केंद्राच्या वीज-पाण्याच्या बिलाने एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा कायापालट झाला असता, असं मला तरी कोणी हिशेबाने दाखवलेलं नाही.

'पर्यटकच नव्हते' हेही अर्धंच खरं. अजिंठा आणि वेरूळची लेणी १० डिसेंबर २०२० ला पुन्हा उघडली. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये परत बंद, जूनमध्ये परत सुरू. म्हणजे उघडझाप चालू होती. अशा वेळी माणसाला माहिती कमी लागते की जास्त? आज उघडं आहे का, किती जणांना सोडतात, दुपारी गेलं तर चालेल का, हे रोज बदलत होतं. त्यात रोख तिकीट बंद, क्यूआर कोड स्कॅन करून ऑनलाइन काढायचं. लेणी वाघूर नदीच्या घळीत आहेत, तिथे नेटवर्क कसं मिळतं ते गेलेल्यांना माहीत आहे. मी त्या हिवाळ्यात टी-पॉइंटवर (लेण्यांकडे जाणाऱ्या बसेस जिथून सुटतात तिथे) बघितलं: साठीचे एक गृहस्थ फोन डोक्यावर धरून गोल फिरत होते, आणि स्फटिक-दगडगोटे विकणाऱ्या एका पोराने शेवटी स्वतःच्या मोबाईलवरून त्यांची चार तिकिटं काढून दिली. दिवसभरात असे कितीजण येतात, विचारलं. तो म्हणाला, "दादा, दगड कमी विकतो, तिकिटंच जास्त काढतो." मदतीची खिडकी चालवायचं काम त्याच्या अंगावर पडलं होतं, आणि त्याचा स्वतःचा सीझन बुडालेला होता.

गाईड मंडळींचंही तेच. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेत परवानाधारक गाईडना एक लाखापर्यंत कर्ज मिळणार होतं. कर्जच ते, फेडायचं. ज्यांची कमाई सव्वा वर्ष जवळपास शून्य होती, त्यांनी ते कशाच्या जोरावर काढायचं?

खासगीवाल्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उपाहारगृह, पार्किंग, दुकानं तो आनंदाने चालवेल. 'आज सोमवार आहे, अजिंठा बंद असतं, तुम्ही वेरूळला जा' हे फुकट सांगणाऱ्या माणसाचा पगार तो का देईल? (वेरूळ मंगळवारी बंद. नव्वद-शंभर किलोमीटर उलटे येऊन गेट बंद बघणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, लहान मुलांसकट.)

राहिला मोबाईल. इथे मला वाटतं की मजकूर लिहिणाऱ्याने ते केंद्र चालू असताना पाहिलेलंच नाही. ते पत्रकं वाटायचं ठिकाण नव्हतं. तिथे १, २, १६ आणि १७ या चार चित्रलेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या होत्या, आणि त्यामागे संवर्धनाचा रोकडा विचार होता. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणसाच्या श्वासातली वाफ, अंगाची उष्णता, कपड्यांवरची धूळ, प्रखर प्रकाश, या सगळ्यांनी ती झिजतात. म्हणून आत उजेड मंद, फ्लॅशला बंदी, आणि गर्दीत दोन-पाच मिनिटांत पुढे सरका. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच मागचे ढकलायला लागतात. प्रतिकृतीसमोर माणूस हवा तितका वेळ उभा राहू शकतो, आणि मूळ भिंतीवरचा भार तेवढा कमी होतो. हे काम कुठलंही ॲप करत नाही.

केंद्र नवं होतं तेव्हा मी आईला तिथे नेलं होतं. तिचे गुडघे गेलेले, लेण्यांच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. सपाट फरशीवर, पहिल्या लेण्याच्या प्रतिकृतीत, बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर ती कितीतरी वेळ उभी होती. "निळं कमळ किती हलकं धरलंय बघ," एवढंच म्हणाली.

२०२१ च्या दिवाळीनंतर आत्याला घेऊन गेलो. तिचेही गुडघे तसेच, आणि डोलीत बसायला ती घाबरली. केंद्र बंद. ती खाली बसस्टॉपजवळ बाकावर बसून राहिली, आम्ही वर जाऊन आलो. परत आल्यावर तिने विचारलं, काय काय पाहिलंत? मी फोनवरचा पद्मपाणी दाखवला. फ्लॅशशिवाय काढलेला, थोडा हललेला. तिने चष्मा पुसला, फोन जवळ-लांब करून पाहिला आणि विचारलं, "यात तो कुठे आहे?"