वन बीएचकेत हॉर्न स्पीकर? घ्याच!

हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यासारखं पसरट तोंड असलेला स्पीकर, घ्यायचं ठरवलंयत ना, मग एक करा, हॉलचं माप घेऊ नका. टेप हातात आली की गणित सुरू होतं आणि गणित सुरू झालं की स्पीकर घरात येत नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट झाली साडेआठ मीटर, तो खर्ज मोकळ्यावर नीट सोडायचा तर हॉर्नच्या तोंडाचा घेर त्या लाटेएवढा, म्हणजे तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं हवं. आणि तुमचा घाटकोपरचा हॉल दहा बाय पंधरा, त्यात सोफा कम बेड, देव्हारा आणि शू रॅक. जाऊदे. असले हिशोब ज्यांना पैसे काढायचे नसतात तेच करतात.

पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने यावर तोडगा काढला, हॉर्नची घडी घालून पेटीत बसवला आणि पुढचा भाग म्हणून खोलीचा कोपराच वापरला, दोन भिंती आणि जमीन फुकटात. त्याचा हा क्लिप्शहॉर्न १९४६ पासून अजून बनतोय, आणि खरं सांगू का, डोकं लावलंय माणसाने. फक्त या जोडीला एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे लागतात. मुंबईत एका कोपऱ्यात बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा असतो आणि दुसऱ्यात फ्रिज. तर फ्रिज बेडरूममध्ये न्या, रात्री थंड पाणी हाताशी राहील असं घरी सांगा. एकेक स्पीकर शंभर किलोच्या आसपास आहे, तेव्हा लिफ्टचा विषय सोसायटीत आधी काढू नका, रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना आणा.

कोपरे नाहीतच? मग टॅनॉय वेस्टमिन्स्टर, हाही हॉर्न स्पीकरच, ब्रिटिश कंपनीचा. त्याला कोपरा लागत नाही, तो कपाटाच्या जागी बसतो, कपडे कुठे ठेवायचे ते नंतर बघू. अव्हांगार्ड या जर्मन कंपनीचे मोठाले रंगीत गोल हॉर्न घेतलेत तर पाहुणे गाण्याबद्दल काही विचारणारच नाहीत, हा फायदाच. आणि बजेट कमी असेल तर लोथर कंपनीचा एक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा नुसता पडदा-चुंबकाचा भाग, घ्या आणि मागचा हॉर्न नाक्यावरच्या सुताराकडून मरीन प्लायमध्ये करून घ्या. आतली सगळी वळणं बघून तो एकदा तरी विचारेल, साहेब याला कप्पे आहेत पण दार कुठेय? ड्रॉइंग दाखवा, उत्तर देऊ नका.

आता अँप, म्हणजे अँप्लिफायर. क्लिप्शहॉर्नला कंपनी एक वॉटला १०५ डेसिबल सांगते, म्हणजे एवढ्याशा विजेत एवढा मोठा आवाज, साधे स्पीकर ८७-८८ च्या घरात असतात. म्हणून इथे ३०० बी नावाच्या जुन्या पद्धतीच्या काचेच्या ट्यूबवाला आठेक वॉटचा अँप घ्यायचा, जितके वॉट कमी तितकी किंमत जास्त असा इथला रिवाज आहे. मग होतं काय की एवढ्या सेन्सिटिव्ह स्पीकरमधून गाण्याआधी अँपच ऐकू येतो, ट्यूबची हिस्स आणि खाली ५० हर्ट्झचा हम. भीमसेनजींची रेकॉर्ड लावली की तानपुरा दोन, एक रेकॉर्डमधला आणि एक विजेचा, आणि दुसरा सुरात नाही. कोणी बोललंच तर "ट्यूबची वॉर्म्थ" म्हणा. गाणारीचा आवाज नाकातून येतोय असं कोणी म्हणालं तर त्याला "प्रेझेन्स" म्हणायचं. बास वेगळीकडून आणि ट्रेबल वेगळीकडून येतंय म्हणालं तर लांब बसायला सांगा, तीन-चार मीटर तरी, म्हणजे तो माणूस किचनमध्ये जाईल आणि कटकट संपेल.

आणि हो, आवाज. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, त्यामुळे खिडक्या लावून, पंखा बंद करून घामाघूम ऐकायची तयारी ठेवा. घरात ७५ डेसिबल म्हणजे खूप झालं, आणि तेवढ्यासाठी या स्पीकरला मीटरभरावर लागतो वॉटचा एक हजारावा भाग. बाकीचे सगळे वॉट तुम्ही ईएमआयवर घेऊन नुसते ठेवून दिलेत, गणपतीत कोपऱ्यावरच्या मंडळाला उसने द्यायला. तरीही सेक्रेटरी बेल वाजवायला आलाच तर त्याला हाच हजाराव्या भागाचा हिशोब शांतपणे समजावून सांगा. तो तुमच्या मागे बघत विचारेल, पार्किंगचे पैसे कधी देताय, आणि हॉलमध्ये फ्रिज का नाहीये?